स्थाननिर्देशाची परंपरा आणि भ्रमणध्वनी : कारंजा लाड येथील एक विचार

गावाच्या नावापुढे दुसरे नाव जोडण्याची आपल्याकडील प्रथा वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ती पुष्कळ काही सांगून जाते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे ‘कारंजा लाड’ म्हणून ओळखले जाते, कारण वर्धा जिल्ह्यात ‘कारंजा घाडगे’ आहे आणि कोकणात उरणजवळही एक करंजा आहे. यांपैकी आपणांस कोणते अभिप्रेत आहे, हे ऐकणाऱ्यास कळावे म्हणून तेथील लाड समाजाचे नाव गावास चिकटले. लाड या नावाचा संबंध प्राचीन लाट देशाशी, म्हणजे दक्षिण गुजरातशी, जोडला जातो. म्हणजे एका व्यापारी समाजाच्या स्थलांतराची आठवण हीच गावाची खूण ठरली. आज भ्रमणध्वनीवरील नकाशात नुसते ‘कारंजा’ असे लिहिले असता यंत्रापुढेही हाच जुना प्रश्न उभा राहतो, आणि तेही ‘लाड’ या शब्दाचाच आधार घेते. स्थानाधिष्ठित सेवांचा विचार करताना आरंभ येथूनच करणे उचित होईल. कारण ‘मी कोठे आहे’ आणि ‘ते कोठे आहे’ हे दोन प्रश्न नवे नाहीत, त्यांची उत्तरे देणारा मात्र बदलला आहे.

जुन्या कारंज्यास तट होता, आणि त्याच्या वेशी आजही दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस व पोहा वेस या नावांनी परिचित आहेत. ही नावे वेशीतून बाहेर पडणारा रस्ता कोणीकडे जातो हे सांगतात. दारव्हा आज यवतमाळ जिल्ह्यात, मंगरूळपीर वाशीम जिल्ह्यात आणि पोहा हे तालुक्यातलेच गाव. त्यांच्या पंक्तीस दिल्ली बसावी, यात मोगल काळातील या बाजारपेठेची व्याप्ती दिसून येते. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर चाल केली, ती या पेठेची श्रीमंती दूरवर ठाऊक असल्यामुळेच. वेस ही एकाच वेळी संरक्षणाची आणि दिशादर्शनाची व्यवस्था होती. तिला वाचता येण्यासाठी अक्षरओळखीचीही गरज नव्हती.

स्थाननिर्देशाची दुसरी परंपरा ग्रंथांत आढळते. कारंजा हे दिगंबर जैनांचे मोठे विद्यापीठ होते. बलात्कार गण, सेन गण व काष्ठा संघ या तिन्ही भट्टारक परंपरांची मंदिरे तेथे आहेत, आणि तेथील हस्तलिखित भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांच्या परिश्रमाने १९३० नंतरच्या दशकात विद्वानांपुढे आले. अशा पोथ्यांच्या पुष्पिकेत लेखक सामान्यतः संवत्, नगर आणि चैत्यालय यांचा उल्लेख करतो. काळ आणि स्थळ यांची ही जोड म्हणजे त्या काळची मुद्राच होय. गुरुचरित्रातील करंजनगर म्हणजेच हे लाडांचे कारंजे, अर्थात् नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, असे मानले जाते. ग्रंथातील नाव भूमीवरील कोणत्या गावास लावावयाचे, हाही स्थाननिश्चितीचाच प्रश्न आहे. आणि तो परंपरेच्या साक्षीवर सुटतो, मोजणीने नव्हे.

मोजणीचे युग एकोणिसाव्या शतकात आले. विल्यम लॅम्ब्टन याने दक्षिणेत आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत वऱ्हाडात पोचली. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला, आणि एव्हरेस्टने ते काम वऱ्हाडातील टाकळखेड्यापर्यंत व पुढे उत्तरेस नेले. कारंजा या रेखांशाच्या पश्चिमेस सुमारे अर्धा अंश, म्हणजे पन्नासएक किलोमीटर अंतरावर आहे. ही मोजणी शास्त्रासाठी आणि सत्तेसाठी होती. शेतकऱ्याच्या वावरापर्यंत पोचली ती निराळीच मोजणी. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर पुढील दशकात तेथे मुंबई पद्धतीची जमीनमोजणी सुरू झाली. तिचे साधन ३३ फुटांची साखळी होते. साखळीचे सोळा आणे, एका साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, असा हा हिशेब होता. वावराला नंबर मिळाला, धुऱ्यावर दगड बसले आणि गावाचा नकाशा तयार झाला. तथापि त्या नकाशास अक्षांश-रेखांशांची गरज नव्हती. शेजारच्या वावराशी आणि गावच्या शिवेशी त्याचे नाते जुळले म्हणजे पुरे होते. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

टपाल खात्याने स्थळास आकडा दिला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंमलात आलेल्या सहा आकडी पिनकोडाची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतील पत्ते यांतून मार्ग काढणे हा या योजनेचा हेतू होता; म्हणजे ‘लाड’ या शब्दाने जे साधले, तेच आकड्यांनी देशभर साधावयाचे होते. २०२५ मध्ये त्याच खात्याने ‘डिजिपिन’ जाहीर केला. त्यात देशाची भूमी सुमारे चार मीटर बाजूच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीस दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. पिनकोड टपाल कार्यालयाचे क्षेत्र दाखवितो; डिजिपिन उंबरठा दाखवितो.

भ्रमणध्वनीतील व्यवस्था या सर्वांहून वेगळी आहे. लॅम्ब्टनने मोजक्या पायारेषा प्रत्यक्ष मोजून बाकीचे सर्व कोनांवरून काढले; हातातले यंत्र कोन मोजीतच नाही, ते केवळ काळ मोजते. किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संकेतांना किती वेळ लागला, यावरून ते आपले स्थान ठरविते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे जुन्या साखळीचा एक आणा ओलांडण्यास त्यास अशा दोन भागांइतका अवधी लागतो. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि रस्ता दाखविणाऱ्या साधनांचा मार्ग खुला झाला. भारताने २०१३ ते २०१६ या काळात आपली स्वतंत्र उपग्रहमालिका उभारली. तिला ‘नाविक’ असे नाव देण्यात आले. उपग्रह दिसत नसेल तेथे यंत्र जवळच्या मनोऱ्यांवरून अदमास बांधते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे साधन याच स्थानज्ञानावर, आपल्या भोवतालच्या वीस व चाळीस किलोमीटरांतील विजेची सूचना देते. वावरात काम करणाऱ्यास तिचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु कारंजा तालुक्यातील सोयाबीन, तूर व कापूस पिकविणाऱ्याचा या यंत्राशी खरा संबंध जडला तो ‘ई-पीक पाहणी’मुळे. पूर्वी पीक पाहणी हे तलाठ्याचे काम होते. तो शिवारात जाई, निदान जावा अशी अपेक्षा होती, आणि गाव नमुना बारामध्ये नोंद करी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः, वावरात उभे राहून, अक्षांश-रेखांशांसह छायाचित्र घेऊन करावयाची अशी व्यवस्था झाली. हमीभावाची खरेदी, पीकविमा, नुकसानभरपाई यांच्या वेळी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद किती निर्णायक ठरते, हे जाणणाऱ्यास या बदलाचे महत्त्व उमजेल. शेतकरी आपल्या पिकाचा आपणच साक्षीदार झाला, हा लाभ मोठा आहे.

तथापि या साक्षीची ग्राह्यता आता दुसऱ्याच कोणाच्या हाती आहे. साखळीने काढलेला नकाशा शेजारसंबंधावर उभा होता. तो पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांवर बसविताना काही मीटर सरकणे स्वाभाविक आहे. मग स्वतःच्या धुऱ्यावर उभा असलेला मनुष्य यंत्राच्या दृष्टीने शेजाऱ्याच्या गटात उभा असतो. पूर्वी असा वाद झाला असता पाटील, शेजारी आणि धुऱ्यावरचा दगड साक्ष देत. आता तो संगणकाच्या नोंदीशी घालावा लागतो. शिवाय पोथीच्या पुष्पिकेत लेखक आपले स्थान जगास स्वेच्छेने सांगत असे. हातातले यंत्र धारकाचे स्थान त्याच्या नकळतही सांगू शकते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणास मूलभूत अधिकार मानले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, ही यादृष्टीने महत्त्वाची पावले होत.

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नाव, वेस, पुष्पिका, धुरा, पिनकोड आणि उपग्रह यांपैकी कोणीही आधीच्याला सर्वस्वी हद्दपार केलेले नाही. प्रत्येकाने आधीच्यावर आपला थर चढविला. जो थर हळूहळू विरत आहे तो वावरांच्या नावांचा. गटनंबर आणि अक्षांश यांच्या मधे ‘आंब्याचे वावर’ किंवा ‘नाल्याकडचे वावर’ यांस जागा उरलेली नाही. आणि त्या नावांतच झाडे, ओढे, वाटण्या व विहिरी यांचा इतिहास साठलेला असतो. ज्या यंत्रामुळे ही नावे विसरली जातील, त्याच यंत्राने ती नोंदवून ठेवणेही शक्य आहे. आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी एका गावाचे शिवार निवडून वृद्ध शेतकऱ्यांबरोबर धुऱ्याधुऱ्याने फिरावे आणि प्रत्येक नाव त्याच्या अक्षांश-रेखांशांसह टिपून घ्यावे. त्यास फार खर्च येणार नाही. मात्र ज्यांना ही नावे मुखोद्गत आहेत ती पिढी आहे तोवरच हे काम होऊ शकेल.