उंदीर पडू लागले की...

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक सोडले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. बाणगंगेच्या काठचे, निफाड तालुक्यातले हे गाव. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला आणि 'ओझर मिग' हे नाव देशभर झाले. काही दिवसांपूर्वी तेथील विज्ञानाच्या शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. विषय होता साथीचे रोग. २०२० साली घरोघर जाऊन तापाची विचारपूस करण्याचे काम यांतल्या अनेकांनी केले होते, त्यामुळे बोलण्यासारखे पुष्कळ होते. बोलता बोलता एका बाईंनी विचारले, "सर, टाळेबंदीत आम्ही गावातले घर बंद करून मळ्यात राहायला गेलो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, प्लेगातही लोक असेच करायचे. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हे त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेले. लोकांना एवढे कळत होते, तर शास्त्रज्ञांना प्लेगाचे कारण शोधायला इतकी वर्षे का लागली?"

प्रश्न चांगला होता. दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी होत्या, त्यांना लागून दाटीवाटीच्या चाळी. तेथे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांना काही रोगी दिसले. एकाएकी भरणारा तीव्र ताप, जांघेत किंवा काखेत आलेली दुखरी गाठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले.

प्लेगाचा जंतू तेव्हा अगदीच अनोळखी नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येर्सिन यांनी तो शोधला होता. त्याच सुमारास जपानचे किटासाटो हेही तेथे शोध घेत होते. येर्सिन यांना मेलेल्या उंदरांतही तोच जंतू सापडला होता. म्हणजे जंतू ठाऊक होता, उंदरांना तोच रोग होतो हेही ठाऊक होते. मग अडले कोठे? जंतू उंदरातून माणसात कसा पोचतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मधला एक दुवा गहाळ होता.

दुवा नसताना उपाय

रोग पसरण्याची वाट ठाऊक नसली तरी सरकारला काहीतरी करावेच लागते. घाणीतून, दूषित जमिनीतून, रोग्याच्या कपड्यांतून, अनवाणी पायांच्या जखमांतून अशा अनेक वाटांनी प्लेग येतो, असे त्या वेळच्या डॉक्टरांना वाटे. म्हणून मोऱ्या धुतल्या गेल्या, घरांत कार्बोलिक आम्ल शिंपडले गेले, सामान जाळले गेले, रोग्यांना सक्तीने रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि या सक्तीला कायद्याचे बळ मिळाले. (२०२० साली महाराष्ट्रात करोनासाठी लागू केला तो हाच, सव्वाशे वर्षे जुना कायदा.)

पुण्यात रँडसाहेबाच्या देखरेखीखाली सैनिक घरे तपासू लागले. त्यांच्या वागण्याने लोक चिडले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकवतोच. तो शिकवताना एक गोष्ट मात्र निसटते. एवढी सक्ती करूनही प्लेग थांबला नाही, कारण सारा मारा माणसांवर होता आणि रोग मुख्यतः माणसांकडून येत नव्हता.

त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले वारल्या. प्लेगाच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. नाशिक जिल्हाही सुटला नाही. भगूरला १८९९ साली विनायक दामोदर सावरकरांचे वडील प्लेगाने गेले. पुढच्या दोन दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने दगावली.

लोकांनी आपला मार्ग स्वतःच शोधला होता. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची निम्म्याच्या जवळपास वस्ती शहर सोडून गेली होती. खेड्यांत लोक माळावर, शेतात झोपड्या घालून राहू लागले. घरात उंदीर मरून पडला की निघायचे, ही खूण अनुभवाने पक्की झाली.

तुपाच्या थेंबाखालची लस

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावले. रशियातील ओडेसाचे हे शास्त्रज्ञ पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत काम करून भारतात आले होते आणि पटकीची लस टोचत देशभर हिंडले होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

मांसाच्या रश्शात त्यांनी जंतू वाढवले. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून हा रस्सा बोकडाच्या मांसाचा केला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाचा थेंब तरंगतो आणि त्याला धरून जंतूंची वाढ गुहेतल्या लोंबत्या दगडांसारखी खाली उतरते. बाटली हलवली की ती तळाला बसते आणि पुन्हा नवी वाढ सुरू होते. असे काही आठवडे केल्यावर जंतू उष्णतेने मारायचे. मेलेल्या जंतूंचा हा रस म्हणजेच लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेहून पुष्कळ मोठी मात्रा, १० घन सेंटिमीटर. ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस टोचून घेतली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, पण मेला कोणीच नाही.

याहून चांगली परीक्षा बडोदे संस्थानातील उंधेरा गावी १८९८ साली झाली. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना टोचली नाही. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांतील आकडे असे होते: न टोचलेली माणसे ६४, आजारी २७, मृत २६. टोचलेली माणसे ७१, आजारी ८, मृत ३.

हे आकडे आठवीच्या वर्गात फळ्यावर जरूर लिहा. मुलांना शेकडेवारी काढू द्या. न टोचलेल्यांत आजारी ४२ टक्के, टोचलेल्यांत ११ टक्के. मृत्यू अनुक्रमे ४१ टक्के आणि ४ टक्के. मग विचारा, प्रत्येक घरातून निम्मी माणसे का निवडली? एका आळीला टोचले आणि दुसरीला नाही, असे केले असते तर काय बिघडले असते? एका घरातल्या माणसांचे छप्पर एक, उंदीर तेच, खाणेपिणेही तेच. फरक उरतो तो लसीचा. तुलना कशी करावी याचा हा उत्तम धडा आहे. त्याच वेळी एक अवघड प्रश्नही मुले विचारतील: ज्यांना टोचले नाही त्यांचे काय? तो टाळू नये. आज अशा चाचण्यांना माहिती देऊन घेतलेली संमती लागते, ती कशासाठी, हे येथेच समजते.

लसीची वाटही सरळ नव्हती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे मेले. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे आले. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना वर्तमानपत्रात भांडावे लागले. परळला १८९९ साली सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचेच नाव दिले गेले. तीच आजची हाफकिन संस्था.

पिसू सापडली

आता गहाळ दुव्याकडे वळू. १८९८ साली कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी एक साधा प्रयोग केला. प्लेगाने आजारी उंदीर पिसवांसह एका भांड्यात ठेवला. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, पण पिसू उडी मारून जाऊ शकत होती. निरोगी उंदीर प्लेगाने मेला. सिमाँ यांनी हे लगेच प्रसिद्ध केले, पण फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. भारत सरकारच्या पहिल्या प्लेग आयोगानेही ते बाजूला सारले.

मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुन्हा उचलला. १९०३ साली एका चाळीत उंदीर मेले. काही दिवसांनी रहिवाशांना पिसवा इतक्या चावू लागल्या की ते खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. मग माणसे आजारी पडली. लिस्टन यांनी या माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करून पाहिल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू क्वचितच सापडते. येथे जवळजवळ निम्म्या पिसवा उंदराच्या होत्या.

त्यानंतर परळच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या आयोगाने प्रयोगांची मालिकाच केली. पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगाने मेले, दोन फुटांवरचे वाचले. हवा तर दोन्हीकडे एकच होती. पण पिसूची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही! पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र राहूनही रोग पसरत नाही, हेही दिसले. पुढे १९१४ साली बॅकट आणि मार्टिन यांनी आतली गोष्ट उलगडली. पिसूच्या अन्नमार्गात जंतूंचा गोळा अडकतो. भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर वेळी अडलेले रक्त जंतूंसह माणसाच्या अंगात उलटून पडते.

आता बाईंचे उत्तर

उंदीर मेला की त्याचे अंग थंड होते आणि पिसवा त्याला सोडतात. दुसरा उंदीर मिळाला नाही तर दोन-तीन दिवस उपाशी राहून माणसाला चावतात. चावल्यावर आजार दिसायला आणखी काही दिवस जातात. म्हणून उंदीर पडणे आणि माणसे आजारी पडणे यांत दहा ते चौदा दिवसांचे अंतर दिसे. सासूबाईंच्या आजीची पिढी या अंतरातच घर सोडत होती. पिसू ठाऊक नव्हती, तरी ते पिसवांच्या टापूबाहेर जात होते. त्यांचा उपाय अचूक होता.

मग शास्त्रज्ञांनी वेगळे काय दिले? त्यांनी कारण दिले. आणि कारण कळले म्हणजेच उपाय कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हे कळते.

१९९४ सालचे उदाहरण घ्या. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. बीड जिल्ह्यातील मामला गावी लोक घराबाहेर राहत होते आणि साठवलेले धान्य घरांत तसेच होते. उंदीर माजले आणि ऑगस्टमध्ये गाठीच्या तापाचे रोगी दिसले. पुढच्या महिन्यात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगाने हाहाकार उडवला. तेथे पन्नासच्या आसपास मृत्यू झाले आणि लाखो माणसे आगगाड्यांत कोंबून पळाली. फुप्फुसाचा प्लेग पिसूवाचून, खोकल्यातून, माणसाकडून माणसाकडे जातो. गाठीच्या प्लेगात गाव सोडणे हा शहाणपणा होता, पण फुप्फुसाच्या प्लेगात भरल्या डब्यात बसून पळणे म्हणजे रोग बरोबर नेण्याचा धोका पत्करणे. कृती तीच, पण रोगाची वाट बदलली आणि तिचा अर्थ उलटा झाला. करोनाच्या वेळी मळ्यात राहिल्याने फायदा झाला तो माणसांपासून अंतर राहिल्याने. उंदीर-पिसवांचा तेथे काहीच संबंध नव्हता.

सुरत वेळीच सावरली त्याचे मोठे कारण औषधे. एकोणीसशे चाळीसच्या दशकात आधी सल्फा औषधे आणि मग स्ट्रेप्टोमायसिन आले. सल्फा औषधांवर हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले. उपचार न केल्यास गाठीच्या प्लेगात शंभरातले तीस ते साठ रोगी दगावतात. आज निदान लवकर झाले तर बहुतेक वाचतात. रोग मात्र पृथ्वीवरून गेलेला नाही. मादागास्कर, काँगो, पेरू येथे तो अजून डोके वर काढतो.

ओझरच्या बाईंना आम्ही एक काम सुचवले आहे, ते तुम्हालाही करता येईल. मुलांना घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारू द्या: साथ आली की तुमच्याकडे काय करत असत? प्लेग, देवी, पटकी, नारू, हिवताप, जे आठवेल ते. उत्तरे वहीत लिहा. मग प्रत्येक उपायापुढे दोन रकाने करा: हा रोग कोणत्या वाटेने येतो, आणि हा उपाय ती वाट अडवतो का? काही उपाय अचूक निघतील, काही निरुपयोगी, काही घातक. कोणाचीही टिंगल न करता एकेक तपासा. पुढची साथ कोणत्या रोगाची असेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण ती येईल तेव्हा घरोघर जाऊन लोकांना समजावण्याचे काम पुन्हा शिक्षकांकडेच येण्याचा संभव आहे, आणि आज वर्गात असलेली मुले तेव्हा दार उघडणाऱ्यांत असतील.