नाकाच्या पडद्याआड

‘नाकाचे हाड वाढले आहे,’ असे आपल्याकडे घरोघर म्हणतात. सर्दी महिनोन् महिने हटेना, घोरण्याने शेजारची खोलीही जागी राहू लागली, की घरातले कोणी वडीलधारे माणूस हे निदान करून मोकळे होते. निदान पुष्कळदा बरोबरही निघते. चुकते ते फक्त हाड. बहुधा वाढलेले काहीच नसते. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका बाजूला कललेला असतो, आणि जिकडे तो कलतो तिकडची वाट अरुंद होते, एवढीच हकीकत. शिवाय त्या पडद्याचा पुढचा मोठा भाग हाडाचा नसतोच मुळी.

मौज पाहा. आपण नाक मुरडतो, नाकाने कांदे सोलतो, नाकावर टिच्चून जगतो, कुळाचे नाक कापले जाऊ नये म्हणून कर्ज काढून लग्ने लावतो. पण हे सगळे बोलणे बाहेरच्या नाकाविषयी. आत जी भिंत उभी आहे तिच्याविषयी भाषेत एक वाक्प्रचार, आणि तोही असा वाकडा! नाही म्हणायला आणखी एक आहे, त्याच्याकडे वळतोच.

आधी ही भिंत कशी बांधली आहे ते सांगतो. पुढचा भाग कूर्चेचा. कान वरून मुडपून सोडला की पुन्हा ताठ होतो, तो ज्या लवचीक पदार्थामुळे, त्याच जातीचा हा पदार्थ. सुश्रुताने हाडांचे प्रकार पाडताना नाकाकानातल्या या मऊ हाडांना ‘तरुण’ असे गोड नाव दिले आहे. मागच्या भागात वरून एक पातळ हाडाची पाटी उतरते. ती ज्या हाडाची आहे त्याच्या छताला चाळणीसारखी भोके असतात, आणि त्या भोकांतून वासाचे ज्ञानतंतू मेंदूकडे जातात. खालून आणि मागून जे हाड येऊन मिळते त्याचे लॅटिन नाव ‘व्होमर’. व्होमर म्हणजे नांगराचा फाळ. साहेबाच्या नाकातही फाळ आणि आमच्या गणपा पाटलाच्या नाकातही फाळ!

आता तो राहिलेला वाक्प्रचार: वेसण घालणे. बैलाला वेसण घालतात ती याच पडद्यातून. पण कुठूनही नव्हे. जाणता शेतकरी गोऱ्ह्याच्या नाकात अंगठा आणि बोट घालून पडदा चाचपतो. कूर्चा जिथे संपते त्याच्या पुढे, नाकाच्या शेंड्याकडे, एक मऊ पातळ जागा लागते, तिथेच टोचतो. कूर्चेत टोचले तर जनावराला यातना फार. हे त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नसते. बापाने बोट धरून बोटाला दाखवलेले असते.

मी स्वतः मराठी शाळेतला मास्तर, त्यातून मॅट्रिक. शरीरशास्त्राशी माझा संबंध आठवड्यातल्या तासापुरता. परंतु २०२० साली शाळा बंद झाल्या, आम्ही मास्तर मंडळी मोबाईलसमोर बसून भिंतीशी बोलावे तसे शिकवू लागलो, आणि त्याच वेळी माझा एक जुना विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयातले शवविच्छेदनही त्याच मोबाईलवर शिकू लागला. त्याने मला नाकाच्या पडद्यावरचे दोन-चार धडे दाखवले. काय सांगावे! पडद्यावर मस्तक उभे राहते, मधोमध दुभंगते, कूर्चा निळी, फाळ पिवळा. बोट फिरवले की सगळे फिरते. शवागारात हे इतके सोपे नसते म्हणे. मस्तक मधोमध कापायला घेतले तरी पडदा एकाच अर्ध्याला चिकटून राहतो, आणि औषधात मुरलेली कूर्चा जिवंत कूर्चेसारखी वाकत नाही. व्हिडिओत मास्तर तीच गोष्ट हवी तितक्या वेळा सांगतो, आणि कंटाळत नाही, ही तर आमच्या धंद्यातली असूयेचीच बाब.

पण त्या मुलाचीच एक तक्रार होती. ‘सर, सगळी नावे पाठ झाली, पण कूर्चा संपून हाड कुठे सुरू होते ते बोटाला कळत नाही.’ मला एकदम गोऱ्ह्याचे नाक आठवले. आणि पाठोपाठ आठवला पुण्याचा एक कुंभार, ज्याची विद्या जगाने अशीच दुरून, चित्र पाहून शिकून घेतली. ही हकीकत वैद्यकाच्या इतिहासात सर्वत्र सांगितली जाते, मात्र ती घडली आपल्या अंगणात.

टिपू आणि इंग्रज यांच्यातले तिसरे युद्ध १७९० ते १७९२ चालले. पेशवे आणि निजाम त्यात इंग्रजांच्या बाजूला होते. इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्याचे नाव इंग्रजांनी ‘कावसजी’ असे लिहिले आहे. नाव पारशी वळणाचे आहे, पण जात शेतकऱ्याची नोंदली आहे. मूळ ‘कावजी’ असावे आणि साहेबाच्या कानाने त्याचे कावसजी केले असावे, असा माझा आपला तर्क. शत्रूने त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला. ज्याने जन्मभर बैलांच्या वेसणी धरल्या त्याच्याच नाकावर हा प्रसंग! पुढे तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला, कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले, आणि वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला.

मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी पाहिले ते असे.

कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा घेतला, नाकाच्या खुंटावर दाबून त्याला सुरेख नाकाचा आकार दिला, आणि मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला. त्याच्या कडेने रेघ ओढली. मेणाचे काम संपले. रेघेच्या आतली कातडी त्याने कपाळावरून सोडवली, पण दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली. सगळी किमया त्या पट्टीत आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून वर कपाळात रक्तवाहिनी चढते. ती शाबूत राहिली म्हणून सोडवलेली कातडी जिवंत राहते. मग खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा केला, भोवती खाच पाडली, ती वरच्या ओठापर्यंत नेली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि तिच्या कडा खाचेत बसवल्या. मधला भाग ओठापाशी रोवला गेला, तोच दोन नाकपुड्यांमधला पुढचा खांब, पडद्याची दर्शनी बाजू. सांधा पक्का व्हावा म्हणून काथ पाण्यात कालवून कापडाच्या पाच-सहा पट्ट्यांवर लावला आणि त्या एकीवर एक चिकटवल्या. आपल्या पानाच्या तबकातला काथ! चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोगी उताणा. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, वाट बुजू नये म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापली, कारण तोवर नव्या नाकाला खुंटाकडून रक्त मिळू लागलेले असते.

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण तिथे कातडी गालाची घ्यायची आहे. पानाने माप घ्यायचे आहे. पुण्याच्या कुंभाराने घेतली कपाळाची, आणि माप घेतले मेणाने. म्हणजे ग्रंथ वाचून हे शिकलेला तो नव्हे. ही विद्या ग्रंथाच्या शेजारून, हातातून हातात वाहत आली. गाडग्याच्या कडेला बोट लावताच माती किती ओली आहे हे ज्याला कळते, त्याला कातडी किती ताणेल हेही कळत असले पाहिजे. सुश्रुतही काही निव्वळ पाठांतराचा कैवारी नव्हता. चिरण्याचा सराव शिष्याने भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर करावा असे त्याने सांगून ठेवले आहे. आजच्या व्हिडिओवाल्या विद्यार्थ्याने एखादा दुध्या घेऊन बसावे, असे मला गंभीरपणे वाटते.

असो. ही हकीकत विलायतेला गेली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात १७९४च्या ऑक्टोबरात ती पत्ररूपाने, चित्रासह छापून आली. ती जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू या शस्त्रवैद्याच्या मनात घर करून राहिली. हा कार्प्यू शरीरशास्त्राचा नामांकित शिक्षक. फळ्यावर खडूने अवयवांची चित्रे काढून शिकवण्याची त्याची अशी हातोटी, की लोक त्याला ‘खडूवाला अध्यापक’ म्हणत. आज मोबाईलवर हात आणि खडू दिसतो, मास्तरचे तोंड दिसत नाही, अशा धड्यांचा मूळपुरुष म्हणून मी त्याला मनोमन नमस्कार केला आहे. चित्राची ताकद जाणणाऱ्या त्या माणसाने चित्र पाहून शस्त्र उचलले नाही, हे ध्यानात घ्या. त्याने हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशा केल्या, प्रेतांवर हात बसवला, आणि छापील वर्णनानंतर तब्बल वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक केले. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. बांधलेली पट्टी सोडली तेव्हा पाहणाऱ्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, कारण तिथे खरेच नाक होते! १८१६ साली कार्प्यूने दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे पुस्तक काढले, आणि कपाळाचे नाक युरोपभर गेले.

कपाळाची कातडी नाक झाकते, पण नाक उभे राहते ते आतल्या पडद्याच्या आधाराने, ही गोष्ट पुरती उमजायला मात्र आणखी काळ जावा लागला. १९०२ साली शिकागोच्या फ्रीअरने आणि १९०४ साली जर्मनीतल्या किलियानने वाकडा पडदा काढण्याची रीत मांडली: वरचे अस्तर जपून सोडवायचे आणि आतली वाकडी कूर्चा-हाड काढून टाकायचे. श्वास मोकळा झाला. पण जास्त काढले की काही काळाने नाकाचा दांडा खचे. म्हणून वरच्या आणि पुढच्या कडेची कूर्चेची पट्टी घराच्या चौकटीसारखी राखून ठेवायची असते. पुढच्या पिढीने तर काढण्याऐवजी सरळ करून बसवण्यावरच भर दिला.

दिवाळीच्या फराळात हे कशाला, असे कोणी म्हणेल. तर घरातल्या मुलांसाठी. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरचे पातळ अस्तर तिला पोसते. चेंडू नाकावर बसला आणि अस्तर व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठले, तर कूर्चा उपाशी पडते आणि थोड्याच दिवसांत मरू लागते. मग पोरगे जन्मभर बसक्या नाकाचे. मार लागल्यावर नाक दोन्हीकडून बंद झाले आणि आत मऊ फुगवटा दिसला, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि घोळणा फुटला की मुलाला उताणे निजवून डोक्यावर पाणी थापण्याची, कांदा हुंगवण्याची आपली जुनी रीत. आडवे पडले की रक्त घशात उतरते. पडद्याच्या पुढच्या भागात अनेक बारीक रक्तवाहिन्या एकत्र येतात, आणि मुलांचे रक्त बहुधा तिथूनच येते. तेव्हा मुलाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटे सोडू नये. तोंडाने श्वास घेऊ द्यावा. तरीही थांबेना तर दवाखाना. हे मी त्या व्हिडिओंतच शिकलो, आणि शाळा उघडल्यापासून चार मुलांवर चालवले. चिमूट कुठे धरायची ते प्रत्येक वेळी बोटानेच शोधावे लागले.

एक गोष्ट मात्र मला बोचते. कावसजीचे चित्र काढले जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने, १७९४च्या जानेवारीत, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर. हाच वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एका चित्रात बसवले. रेसिडेंट मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे वेल्सच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबटाचेही नाव इतिहासाला ठाऊक आहे. रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत. नाक करणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही. पुण्यातल्या कोणी दप्तरवाल्याने विचारले नाही, आणि साहेबाने फक्त जात विचारली.

ते चित्र आज मोबाईलवर कोणालाही सापडते. कावसजी समोर पाहतो आहे, कपाळावरची खूण दिसते आहे, आणि बाजूला मेणाच्या पत्र्याचा आकार वेगळा काढून दाखवला आहे. मेण आहे, ते दाबणारा अंगठा तेवढा चित्रात नाही.