जूद : बर्फ, गवत आणि शेजारी

हिवाळ्यात उणे ४० अंशांपर्यंत पारा उतरतो आणि माणसं कळप घेऊन तंबूत राहतात. मंगोलियाबद्दल हे वाचलं की पहिला प्रश्न पडतो, "कसं काय बुवा?"

घरापासून सुरुवात करू. त्यांचं 'गेर' म्हणजे लाकडी जाळीची गोल भिंत आणि वरून लोकरीचे जाड नमदे. तास-दोन तासांत ते उतरवून हलवता येतं. झाडं कमी, म्हणून सरपण वाळलेल्या शेणाचं. कळपात घोडे, गाई-याक, उंट, मेंढ्या, शेळ्या असे पाच प्रकार. आमच्या भाषेत रिडंडन्सी! घोडे खुरांनी बर्फ उकरतात, मागून मेंढ्या चरतात.

पण हे झालं नेहमीच्या हिवाळ्याचं. अधूनमधून 'जूद' येतो ('जुना'मधला ज). उन्हाळ्यात पाऊस कमी पडला की गवत कमी, आणि जनावरं हिवाळ्यात शिरतात तीच हडकलेली. मग खोल बर्फ पडला तर पांढरा जूद. बर्फ वितळून परत गोठला आणि वर कडक थर बसला तर लोखंडी. बर्फच पडला नाही आणि प्यायला पाणी उरलं नाही, तर काळा.

यावर जुना उपाय म्हणजे 'ओतोर'. कळप घेऊन लांबच्या कुरणात निघून जायचं. गंमत अशी, की ते कुरण कोणीतरी आधीच वापरत असतं! त्यांनी तुम्हाला सामावून घ्यायचं, कारण पुढच्या वेळी पाळी त्यांची असू शकते. सगळी मदार या समजुतीवर.

१९५० च्या दशकाच्या शेवटी कळप 'नेगदेल' या सामूहिक संस्थांकडे गेले. मालकी गेली, पण ट्रक, चारा, पशुवैद्य मिळाले आणि स्थलांतराचं नियोजनही होऊ लागलं. १९९० नंतर समाजवादी राजवट संपली, नेगदेल मोडली, कळप वाटले गेले. शहरात नोकऱ्या गेलेले लोकही पशुपालनात उतरले. कश्मीरी लोकरीला भाव, म्हणून शेळ्या वाढल्या. १९९० मध्ये अडीच कोटींच्या आसपास असलेली जनावरं २०१९ मध्ये सात कोटींवर गेली. कुरणं मात्र तेवढीच! आता पाहुणा कळप आला की तो संकटातला शेजारी कमी आणि आपल्या गवतातला वाटेकरी जास्त वाटणार, हे ओघानंच आलं.

परिणाम? १९९९ ते २००२ च्या तीन हिवाळ्यांत सुमारे एक कोटी जनावरं मेली. २००९-१० मध्ये ८० लाखांहून जास्त. २०२३-२४ मध्ये पुन्हा ७० लाखांहून जास्त. हवामान बदलतंय हे खरंच. १९४० पासून तिथलं सरासरी तापमान दोन अंशांहून अधिक वाढलंय. पण म्हणूनच तर हलता येण्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

कळप गमावलेली कित्येक कुटुंबं उलानबातरच्या कडेला येऊन राहिली. तिथेही गेरच आहे. फक्त आत शेणाऐवजी कोळसा जळतो आणि भोवती लाकडी फळ्यांचं कुंपण असतं.