सावलीची ओळख

मुलांच्या गोष्टींत भुते-राक्षस असावेत काय, हा वाद आपल्याकडे मधूनमधून उपटतो. भित्री पोरे निपजतील, अशी शहाण्यांची धास्ती! मुलांना मात्र चेटकीण हवीच असते. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत साहित्य संघाच्या आश्रयाने बालरंगभूमी उभी केली, ती रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ घेऊन. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि २०१८ साली तीच वैभव मांगले यांच्या अंगात आली. काळोख्या नाट्यगृहात शेजारच्या मुलाचा हात घट्ट धरून घाबरण्यात जी दोस्ती जमते, ती नीतिपाठांनी जमत नाही, असे माझे मत आहे. (महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदा भीतीचा धंदा मांडणाऱ्यांसाठी आहे, रंगमंचावरच्या चेटकिणीने बिनघोर असावे.)

भुताशी ओळख करून देण्याचा याहून जुना एक नमुना विनोबांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. लहानपणी रात्री भिंतीवर एक भलीमोठी आकृती हलताना पाहून ते आईकडे धावले. रुक्मिणीबाईंनी ‘भूतबीत काही नसते’ असे व्याख्यान दिले नाही. तो तुझा गुलाम आहे, तू बसलास की बसेल, उठलास की उठेल, असे सांगितले. पोराने बसून-उठून पाहिले. ती त्याचीच सावली होती. ‘गुलाम’ हा शब्द मला जरा खटकतो. मुलांना गुलामापेक्षा सवंगडी अधिक आवडतो. पण युक्ती नामी.

याच विनोबांनी १९३२ च्या अखेरीस वर्ध्यालगतच्या नालवाडीत बिऱ्हाड केले, हे मला त्या आठवणीपासून वेगळे काढता येत नाही. नालवाडी ही मुख्यतः अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती. माणसाच्या सावलीचाही विटाळ मानणारा आपला समाज; भिंतीवरच्या सावलीला भिणारे पोर त्याच्यापुढे शहाणेच म्हणायचे! विनोबा तेथे सूतकताईच्या मजुरीवर गुजराण करू लागले. १९३४ साली ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. चर्मालयही निघाले, ते गोपाळराव वाळुंजकरांनी चालवले. ज्या मेलेल्या ढोरांना हात लावायला उजळमाथ्याचे लोक भीत, त्यांचीच कातडी तेथे कमावली जात होती.