वायुशीतित मोटारगाडीतील तापक
एंजिन पाण्याऐवजी हवेच्या झोताने थंड राखले जाते अशा मोटारगाडीत बैठकीची जागा उबदार ठेवणारी योजना. जलशीतित गाडीत एंजिनातून तापून आलेले पाणी चालकापुढील लहान विकिरकातून फिरविले की काम भागते. वायुशीतित गाडीत असे आयते गरम पाणी नसते. निष्कास नळ्यांची उष्णता हवेनेच वाहून न्यावी लागते. समान घनफळाच्या पाण्याच्या तुलनेने हवेची उष्णताधारकता सुमारे ३,५०० पट कमी असल्याने वाटेतील थोडी गळतीही जाणवते.

ही अडचण सर्वांत ठळकपणे दिसली ती फोक्सवॅगन व्हॅनमध्ये. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये काढलेल्या कच्च्या आराखड्यावरून ही गाडी कल्पिली गेली व मार्च १९५० मध्ये व्होल्फ्सबुर्क येथे तिचे उत्पादन सुरू झाले. एंजिन अगदी मागे आणि चालक पुढच्या आसावर, त्यामुळे गरम हवेला गाडीच्या जवळजवळ संपूर्ण लांबीचा प्रवास थंड तळाखालून करावा लागे. आरंभी सिलिंडरांवरून गेलेली हवाच आत सोडली जाई व तिच्याबरोबर तेलाचा वासही येई. १९६३ च्या सुमारास पंख्याची ताजी हवा निष्कास नळ्यांभोवतीच्या बंदिस्त उष्णता-विनिमयकातून नेण्याची पद्धत आली. तरीही पंखा एंजिनाच्याच गतीने फिरत असल्याने गाडी उभी असताना झोत मंदावे आणि लांब उतारावर एंजिनावर भार नसल्यामुळे निष्कासच निवे. थंड प्रदेशांसाठी स्वतंत्रपणे पेट्रोल जाळणारा तापक जोडण्याची सोय ठेवावी लागली, यातच मूळ योजनेचे मूल्यमापन आले.

१९६० नंतर यूरोपातील तरुण प्रवासी अशा व्हॅनमधून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान या मार्गाने भारतात येऊ लागले. गोव्यातील कळंगुट व हणजूण हे किनारे त्यांपैकी अनेकांचे अखेरचे मुक्काम होते. सुमारे १,९०० मी. उंचीवरील एर्झुरूमच्या हिवाळ्यात तापकाचा खरा कस लागे. गोव्यात त्याची आठवणही उरत नसे. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएट लष्करी प्रवेश यांनंतर हा खुष्कीचा मार्ग बंद पडला.

जुन्या व्हॅनमध्ये ऊब कमी येत असल्यास शोध मागून पुढे घ्यावा. गाडी उघड्यावर उभी करून एंजिन मध्यम गतीने चालवावे आणि उष्णता-विनिमयकाच्या पुढील तोंडाशी झोत पाहावा. तेथे झोत जोरदार व गरम असेल, तर दोष तळाखालील नळीत, तिच्या सांध्यांत किंवा झिजलेल्या वेष्टनात असतो. झोतच क्षीण असेल, तर पंख्याचा पट्टा, पंख्याच्या आवरणापासून निघणाऱ्या लवचिक नळ्या आणि गंजून अर्ध्यावर अडकलेली झडप व तिची तार तपासावी. फाटक्या नळीतून सिलिंडरांच्या शीतनाची हवाही वाया जाते. तेव्हा प्रश्न केवळ थंडीचा राहत नाही.

उष्णता-विनिमयकाच्या आतील निष्कास नळी गंजून भोक पडणे हा मात्र सर्वांत गंभीर दोष होय. त्यातून कार्बन मोनॉक्साइड बैठकीत शिरतो. या वायूला रंग वा वास नसतो. म्हणून धुराचा वास आल्यास तापक तत्काळ बंद करावाच, पण वास न येणे ही सुरक्षिततेची खूण समजू नये. असा भाग डागडुजी न करता बदलणे इष्ट. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर या वायुशीतित गाडीतही १९६१ पासून शीतनाची हवाच तापनासाठी घेतली जाई व तेलाचे आणि निष्कासाचे वायू आत येण्याच्या तक्रारी तिच्या मागे लागल्या.

पुण्यात तापकाची निकड क्वचितच भासते. १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेलेले १·७° से. हे तेथील अपवादात्मक तापमान. सदाशिव पेठेसारख्या दाट वस्तीत पंख्याने थंड होणारे एंजिन परिचित झाले ते बजाज स्कूटर व रिक्षा यांमुळे. त्यांत तापक नव्हता, परंतु पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण दुरुस्तीनंतर सैल राहिले की एंजिन तापते, हे तेथील कारागिरास ठाऊक असलेले तत्त्व व्हॅनलाही जसेच्या तसे लागू पडते.

जर्मनीत या व्हॅनला १९८२ च्या अखेरीस जलशीतित एंजिन बसविण्यात आले. ब्राझीलमध्ये वायुशीतित एंजिन २००५ पर्यंत टिकून होते.