मित्राचें पत्र आणि अध्यक्षाचें उत्तर

राजपुरुषाला शत्रूच्या टीकेचें फारसें भय नसतें. ती येणार हें त्यानें गृहीतच धरलेलें असतें व तिला द्यावयाचें उत्तरहि त्याच्यापाशीं तयार असतें. परंतु ज्याच्या निष्ठेविषयीं तिळमात्र शंका नाहीं असा जुना स्नेही जेव्हां ‘तुमचें हें करणें मला पटलें नाहीं’ असें लिहितो, तेव्हां मौन धरूनहि चालत नाहीं आणि नुसत्या अधिकाराच्या जोरावर त्याचें तोंड बंद करणेंहि शोभत नाहीं. १८६१ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याच्यावर असा प्रसंग आला. त्या वेळीं त्यानें सिनेटर ऑर्व्हिल ब्राउनिंग यास जें खासगी पत्र लिहिलें, त्याची योग्यता त्याच्या प्रसिद्ध भाषणांहून कमी नाहीं असें आम्हांस वाटतें.

ब्राउनिंग हा इलिनॉय संस्थानांतील क्विन्सी गांवचा वकील. जन्म केंटकीचा, वृत्ति सावध, मतें मवाळ. लिंकनशीं त्याचा स्नेह फार जुना. अध्यक्षपद स्वीकारतांना करावयाच्या भाषणाचा मसुदा लिंकननें ज्या थोड्या मंडळींस दाखविला त्यांत ब्राउनिंग होता, आणि त्याच्या सूचनेवरून त्यांतील एक धमकीवजा भाग लिंकननें गाळलाहि होता. जून १८६१ मध्यें सिनेटर डग्लस निवर्तल्यावर त्याची रिकामी जागा ब्राउनिंगला मिळाली.

३० ऑगस्ट १८६१ रोजीं मिसूरींतील सेनापति फ्रीमाँट यानें एक जाहीरनामा काढला. तेथें लष्करी कायदा पुकारून, बंडखोरांच्या मालकीचे गुलाम मुक्त झाले, असें त्यानें अध्यक्षास न विचारतां परभारें जाहीर केलें. गुलामगिरीच्या विरोधकांस आनंदाचें भरतें आलें. लिंकननें २ सप्टेंबरला त्यास खासगी पत्र लिहून, काँग्रेसनें ६ ऑगस्टला केलेल्या जप्तीच्या कायद्यापलीकडे जाऊं नये, असें सौम्यपणें सुचविलें. त्या कायद्याप्रमाणें जे गुलाम बंडाच्या कामीं प्रत्यक्ष राबविले गेले असतील तेवढ्यांवरचाच मालकाचा हक्क नष्ट होत असे. फ्रीमाँटनें आपण होऊन माघार घेण्याचें नाकारलें; अध्यक्षानें उघड हुकूम द्यावा, असें त्याचें म्हणणें. ११ सप्टेंबरला लिंकननें तसा हुकूम दिला आणि उत्तरेंत असंतोषाचा सूर उमटला.

१७ तारखेच्या ब्राउनिंगच्या पत्रांतहि हाच सूर होता. एखाद्या जहाल सुधारकानें असें लिहिलें असतें तर लिंकनला नवल वाटलें नसतें. पण हा गृहस्थ मवाळ. शिवाय ज्या कायद्यास लिंकन धरून राहिला, तो करण्यांत महिन्यापूर्वीं याचाच हात होता! २२ तारखेच्या उत्तरांत लिंकननें आपलें आश्चर्य लपविलें नाहीं. मग वकिलानें वकिलास समजावून सांगावें तसा त्यानें एका शेताचा दाखला दिला. छावणीसाठीं किंवा तटबंदीसाठीं सेनापतीस एखाद्याचें शेत लागलें, तर गरज असेपर्यंत त्यानें तें खुशाल ताब्यांत ठेवावें. परंतु गरज सरल्यावरहि तें शेत मालकाचें वा त्याच्या वारसांचें राहणार नाहीं, असें तो ठरवूं लागला, तर ती बाब लष्करी न राहतां निव्वळ राजकीय झाली. गुलामांसहि त्यानें हाच न्याय लावला: सेनापतीनें त्यांचें साह्य घ्यावें, पण त्यांची कायमची स्थिति ठरवूं नये. उद्यां काँग्रेसनें तसा कायदा केला तर त्यास आपली हरकत नाहीं, सभासद असतों तर कदाचित् आपणहि त्यास मत दिलें असतें. मात्र कायदे करण्याची सत्ता अध्यक्षानें बळकावूं नये, असा त्याचा आग्रह होता.

या तत्त्वाच्या जोडीला व्यवहारहि होता, व तोहि त्यानें मोकळेपणें सांगितला. केंटकी संस्थान त्या वेळीं कुंपणावर बसलेलें होतें. फ्रीमाँटचें कृत्य ऐकून स्वयंसेवकांच्या एका तुकडीनें शस्त्रें खालीं टाकल्याची वार्ता लिंकनपर्यंत आली होती. केंटकी गेलें कीं मिसूरी व मेरीलंडहि हातचीं जातील आणि मग सारा डावच गमावल्यासारखा होईल, अशी त्याची धास्ती होती. ब्राउनिंगनें ३० तारखेस सविस्तर उत्तर पाठविलें. मत मात्र सोडलें नाहीं. तरीहि स्नेहांत अंतर पडलें नाहीं. पुढें फेब्रुवारी १८६२ मध्यें लिंकनचा लहानगा मुलगा विली वारला, तेव्हां ब्राउनिंग पतिपत्नी त्या शोकाकुल घरांत कित्येक दिवस सोबतीस राहिलीं.

यानंतर काळानें एक विलक्षण उलटापालट केली. त्या पत्रास बरोबर एक वर्ष झालें त्या दिवशीं, म्हणजे २२ सप्टेंबर १८६२ रोजीं, लिंकननें गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. आणि त्यास नापसंति दर्शविणारांत ब्राउनिंग होता! जो सेनापतीच्या घाईचें समर्थन करीत होता, तो आतां अध्यक्षाला मागें ओढूं लागला.

मग लिंकननें आपलेंच तत्त्व मोडलें काय? १ जानेवारी १८६३ चा अंतिम जाहीरनामा त्यानें सरसेनापति या नात्यानें, युद्धाची निकड म्हणून काढला व तो बंडखोर प्रदेशापुरताच मर्यादित ठेवला, हें खरें. तथापि त्यानें मुक्तता दिली ती कायमची. शेताच्या दाखल्यांत ती बसत नाहीं. बसणारहि कशी? शेत मालकास परत करतां येतें. एकदां स्वतंत्र म्हटलेल्या माणसास पुनः दास्यांत लोटतां येत नाहीं. १८६१ च्या पत्रांतील युक्तिवाद येथें लंगडा पडतो. लिंकनचें मोठेपण असें कीं, जाहीरनाम्याचा पाया कच्चा आहे हें ओळखून त्यानें तेराव्या घटनादुरुस्तीसाठीं जिवापाड खटपट केली. जानेवारी १८६५ मध्यें काँग्रेसनें ती संमत केली. एप्रिलमध्यें त्याचा खून झाला व डिसेंबरांत ती घटनेंत समाविष्ट झाली.

या सावधपणाची किंमत कोणी दिली, हेंहि विसरूं नये. केंटकी संघराज्यांत राहिलें म्हणून जाहीरनामा तेथें लागूच झाला नाहीं. १८६० च्या शिरगणतीप्रमाणें तेथें सव्वादोन लाख गुलाम होते. त्यांतील जे सैन्यांत जाऊन वा पळून जाऊन सुटले नाहींत, त्यांना १८६५ च्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. केंटकीच्या विधिमंडळानें तर ती दुरुस्ती फेटाळली व तिला औपचारिक संमति दिली ती १९७६ मध्यें!

महात्मा फुले यांनीं १८७३ मध्यें आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केला, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊकच आहे. ती मुक्तता किती विलंबानें व किती वळणांनीं आली, तें या पत्रव्यवहारावरून दिसतें. कायद्याची मर्यादा पाळणारानें आपल्या धीराचा भार दुसऱ्याच्या पाठीवर तर पडत नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. आणि न्यायासाठीं उतावीळ झालेल्यानें, आज टाकलेलें पाऊल उद्यां टिकेल काय, हें स्वतःस विचारलें पाहिजे. लिंकन व ब्राउनिंग या दोघांनींहि हे प्रश्न एकमेकांस निर्भीडपणें विचारले, आणि तरी त्यांचा स्नेह टिकला. लोकसत्तेच्या राज्यांत अशीं पत्रें लिहिणारे मित्र व त्यांस सविस्तर उत्तर देणारे अध्यक्ष सदैव असावेत.