हट्टीची खोल विवरे

प्राचीन सोने म्हटले की आपल्याला नदीची वाळू धुणारी माणसे आठवतात. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण वेगळेच सांगते. तिथली जुनी विवरे सुमारे ६४० फूट खोल गेली आहेत आणि आत सापडलेल्या लाकडाचे वय कार्बन-मापनाने दोन हजार वर्षांच्या आसपास येते. म्हणजे सुरुंगाच्या दारूच्या कितीतरी आधी! गारेच्या शिरेला लाकडे रचून आग लावायची, खडक तापला की पाणी ओतायचे. तडकलेला दगड फोडून वर आणायचा, कुटायचा, दळायचा. धुणे येते ते सर्वांत शेवटी. जड सोने तळाशी राहते. एवढ्या खोलीवर धूर कोंडत असता मजूर श्वास कसा घेत असतील?

जवळच मस्कीला अशोकाचे नाव असलेला शिलालेख आहे. १९१५ मध्ये तो सापडला, तोही खाण-अभियंता सी. बीडन यांना. लेखात सोन्याविषयी अक्षर नाही. लाकडाचे वयही मौर्यांच्या अलीकडचे, हे खरे. पण एवढी खोली एका पिढीत येत नाही. मौर्य इतक्या दक्षिणेत का आले, हे विचारताना या विवरांकडे पाहिलेच पाहिजे, असे माझे मत आहे.